एका हातानं उघडणारा चाकू

(रावेर. बसस्टँडसमोरचं हार्डवेअरचं दुकान. कार्तिकातली दुपार.)

शेवंताबाई: लाकडी मुठीचा नको, भाऊ. तो आत ठेवा. दुसरे काढा.

मोतीलाल: अक्का, अख्ख्या रावेर तालुक्यात हाच खपतो. शिसवी मूठ, पितळेची कडी. पेरू कापा, सुतळी कापा, ठिबकची नळी कापा. साठ रुपयांत आणखी काय पाहिजे? तुम्ही तर हातातसुद्धा घेत नाही.

शेवंताबाई: घेतलेला हाये मी तो. दुसरे दाखवा.

मोतीलाल: बरं. मग हा लाल बघा. आठ कामांचा. चाकू, कात्री, कानस, बाटलीचं झाकण काढायचं... दात कोरायची काडीसुद्धा आहे आत.

शेवंताबाई: रूपा, पाहाय बरं. उघडते का?

रूपा: कात्री निघाली.

मोतीलाल: नाही ताई, डावीकडून दुसरं पातं.

रूपा: आता बाटलीचं निघालं.

शेवंताबाई: ठेव. दात कोराले नाई आलो आपुन.

मोतीलाल: ताई, दुसऱ्या हातानं खालून जरा धरलं, म्हणजे... अरे. माफ करा. पदर होता, माझ्या लक्षात नाही आलं.

रूपा: असू द्या. डावा हात कोपरापासून नाही. फाल्गुनात गेला. हरभरा काढायच्या मशीनमध्ये.

मोतीलाल: अरेरे...

रूपा: अरेरे नका म्हणू, भाऊ. आठ महिने तेच ऐकतेय. चाकू दाखवा. एका हातानं जो उघडेल तोच घ्यायचा, म्हणून यांनी मला आणलंय. माझ्यानं उघडला तर कोणाच्यानंही उघडेल.

शेवंताबाई: तसं नाई म्हनली मी.

रूपा: तसंच म्हणाल्या तुम्ही. मी दवाखान्यातून आल्यापासून आमच्या दारात पाय नाही ठेवला. काल आल्या, उभ्याउभ्या, आणि म्हणाल्या, उद्या रावेरले चल, चाकू पाहाचा हाये.

मोतीलाल: सासूबाई का तुमच्या?

शेवंताबाई: नाई. आमच्या गावच्या बायाईची मुकादम हाये मी. केयीच्या बागेत कामाले जातो आम्ही. बुडातून फुटलेली पिलं कापतो, फण्या धुतो, पॅकिंग करतो. सुगी आली का हरभरा, मका, जे असीन ते. हे बी माह्यासंगंच येते.

रूपा: येत होते.

मोतीलाल: अन् चाकू किती पाहिजेत?

शेवंताबाई: बारा. सगये एकसारखे. एकेकीच्या कंबरेले एक.

रूपा: अकरा. मला धरून बारा होतो आपण.

शेवंताबाई: बारा द्या, भाऊ.

मोतीलाल: बारा बायांच्या कमरेला बारा चाकू! गावातल्या गडीमाणसांनी आता जपूनच राहायला पाहिजे.

रूपा: हसायचं काम नाही हे.

मोतीलाल: नाही, नाही. चुकलं माझं. पण विळे असतात ना तुमच्याकडे? विळ्यानं काय कापत नाही?

शेवंताबाई: विया कंबरेले खोसून वाकता येत नाई. पोटात जाते. तो बांधावर ठेवलेला राहते. अन् जव्हा त्याचं काम पडते, तव्हा बांध लई दूर राहते.

मोतीलाल: मग अंगठ्यानं उघडणारा घ्या. हा काळा बघा. पात्याला इथं बारीकशी खुंटी आहे. अंगठ्यानं ढकललं की, हे असं, खट! अन् आत पत्तीचं लॉक. पातं उलटं मिटत नाही.

शेवंताबाई: नाई म्हंजे? जोर लावला तरी?

मोतीलाल: दाबा ना. त्या फळीवर टेकवून दाबा.

शेवंताबाई: हं. हे बोट पाहा माहं. याच्यावर मिटलं व्हतं एक पातं. हाडापर्यंत गेलं व्हतं.

मोतीलाल: मग लॉकशिवाय घेऊच नका तुम्ही. हा दुसराही लॉकचाच आहे, पण याच्या पात्याला खुंटीऐवजी भोक आहे. भोकात अंगठा घालून ढकलायचं. वीस रुपये कमी.

रूपा: भोकाचा माझ्यानं अर्धाच उघडतो. अंगठा घसरतो.

मोतीलाल: नवा आहे, ताई. सरावानं येईल.

शेवंताबाई: सरावाले टाइम कोन देते? तो खुंटीचा दे तिले.

रूपा: हा उघडला. परत बघते. उघडला. आता डोळे मिटून. हं, उघडला. पण मिटायचा कसा? मिटायला दोन हात लागतात का?

मोतीलाल: नाही. पात्याची पाठ मांडीला टेकवा. अंगठ्यानं आतली पत्ती बाजूला सारा, अन् मूठ हळूच खाली दाबा. बोट मध्ये येऊ देऊ नका. बघा.

रूपा: मिटला.

शेवंताबाई: मिटाची घाई नाई आपल्याले. उघडाची हाये. आता पिशवीतून ते काढ.

मोतीलाल: हे काय? केळीच्या घडाचा दांडा? अहो अक्का, नव्या मालाला चीक नका लावू!

शेवंताबाई: लावाच लागीन. केयीचा चीक बिजागरीत सुकला का डिंकावानी धरते. आठ दिवस बागेत गेला का चाकू बसला. कोरा चाकू कोनताही उघडते, भाऊ. तुमच्या दुकानात उघडला त्याचं मले काय? हे दोन बिघडले तर माहे. मी नेते.

मोतीलाल: चीक सुकायला वेळ लागेल पण.

शेवंताबाई: बसतो. आमची गाडी चारले हाये.

मोतीलाल: बसा मग. पंखा लावतो. त्या स्टुलावर बसा, ताई. पोरं येतात माझ्याकडे, बटणाचा चाकू मागतात. बटण दाबलं की आपोआप उघडणारा. तो मी ठेवत नाही. पोलिसांचं लफडं होतं. नाहीतर तुमचं काम त्यानं सोपं झालं असतं. अन् खरं सांगू का, एवढ्या कसोट्या मी दुकान टाकल्यापासून कोणी लावल्या नाहीत. लोक धार बघतात, भाव करतात, चालले. ताई, तोवर हा लाकडीसुद्धा एकदा बघून घ्या. याची बिजागरी जरा सैल असते.

शेवंताबाई: तिले नका देऊ तो.

रूपा: का? मी का नाही बघायचा?

शेवंताबाई: काही कामाचा नाई तो.

रूपा: कामाचा आहे की नाही ते पाहायलाच आणलंय ना मला? द्या, भाऊ. ...खाचेत नख घातलं तर मूठ फिरते. मूठ घट्ट धरली तर नख पोचत नाही. ...मांडीत धरून बघते. ...नाही. याला एक हात मुठीला पाहिजे अन् एक पात्याला.

शेवंताबाई: ठेव तो, रूपा.

रूपा: त्या दिवशी हाच होता का?

मोतीलाल: कोणत्या दिवशी?

रूपा: अक्का, हाच होता का?

शेवंताबाई: असाच. अठूनच घेतला व्हता, गेल्या साली आखाजीच्या बाजारात.

रूपा: याला दोन हात लागतात.

शेवंताबाई: लागतात.

रूपा: म्हनीसन तू मना हात सोडी दिन्हा व्हता?

मोतीलाल: मी... मी चहा सांगून येतो.

रूपा: थांबा, भाऊ. तुम्ही ऐका. हिला आठ महिन्यांत मला सांगता नाही आलं. तुम्ही परके आहात, तुम्हाला सांगते. हरभऱ्याचा शेवटचा ढीग राहिला होता. ट्रॅक्टर चालू, मशीन चालू. आमचा ट्रॅक्टरवाला अभिमन पोती आणायला बांधाकडं गेला होता. बाकीच्या बाया पलीकडं भुसा ओढत होत्या. वारा सुटला अन् माझा पदर शाफ्टवर गेला. ट्रॅक्टरपासून मशीनकडं तो दांडा फिरतो ना, त्याच्यावर. पदर गुंडाळायला लागला अन् मला ओढायला लागला. अक्का पळत आली. माझा हा उजवा हात धरला, पाय रोवून उभी राहिली. मला वाटलं, वाचले. अक्कानं धरलंय. अन् मग हिनं हात सोडला.

मोतीलाल: आणि मग?

रूपा: मग पदर कापला. हिनंच कापला. सगळं गाव म्हणतं, अक्का होती म्हणून रूपा जगली. खरंच आहे ते. पण आधी सोडला ना, भाऊ. मला मशीनचा आवाज आठवत नाही. दुखलेलंसुद्धा आठवत नाही. हिची बोटं सुटली, तेवढं आठवतं. रोज. भाकर खाताना, केस विंचरून घेताना. मी मनाशी म्हणायची, भ्याली असेल. माणूसच आहे, भ्याली. मग धीर धरून परत आली असेल. पण हे बोलू कोणाजवळ? जिनं वाचवलं तिचं गाऱ्हाणं सांगितलं तर लोक मलाच नावं ठेवतील. दवाखान्यात ही भेटायला आली, तर मी भिंतीकडं तोंड केलं.

शेवंताबाई: अन् मी पाहून निंघून आली.

रूपा: निंघी गयी! इचारी लेवानं ना माले, तोंड काबर फिरावस म्हनीसन.

शेवंताबाई: काय इचारू? हात सोडलाच व्हता मी. ते काय खोटं हाये?

रूपा: चाकू उघडाकरता सोडी दिन्हा, हाई तरी सांगानं व्हतं!

शेवंताबाई: त्यानं तुहा हात परत येनार व्हता का?

रूपा: हात नही येता. तू येती.

मोतीलाल: पाणी घ्या, अक्का. घ्या, दोन घोट.

शेवंताबाई: आंधी एका हातानं करून पाहिलं व्हतं मी. तुहा हात ह्या हातात, अन् चाकू ह्या हातात. मांडीले घासला, उघडेना. दातात धरला. चिकानं बसला व्हता तो. दात तुटला, पन पातं नाई हाललं.

रूपा: हाऊ दात? तू ते म्हने, दवाखानानी पायरीवर पडनी.

शेवंताबाई: लोकाईले काहीतरी सांगाच लागते. मंग मले वाटलं, दोन हात लावले तर एका दमात उघडीन. एकच दम. तेवढा टाइम तू पाय रोवून राहशीन. तू अंगानं भरलेली, दमाची बाई. मनात अंदाज केला मी, अन् सोडला. उघडला, कापला. मिटलं पातं बोटावर, तरी कापत राह्यली. पन तेवढ्यात तुहा डावा हात आत गेला व्हता. माहा अंदाज चुकला, रूपा. भ्याली नाई मी. चुकली.

रूपा: अन् नही सोडती तर?

शेवंताबाई: मले काय माहीत? तेच तर रोज पाहाते मी, डोयासमोर. एकडाव धरून ठेवते, एकडाव सोडते.

मोतीलाल: मी बोलू का, अक्का? ट्रॅक्टर विकणारे शेजारीच बसतात माझ्या, म्हणून सांगतो. चाळीस-पंचेचाळीस घोड्यांची ताकद असते त्या शाफ्टमागं. तुम्ही एकट्या. किती वेळ धरणार होत्या? पदर कापला नसता तर गळ्यापर्यंत गेला असता. तुम्ही सोडला नसता तर कापला कशानं असता?

शेवंताबाई: ते बी खरं असीन. पन एका हातानं उघडनारा चाकू असता, तर सोडाच लागला नसता. एवढंच समजते मले. दुसरं काही समजत नाई. म्हनून आली.

मोतीलाल: तो चाकू माझ्याच दुकानातून गेला. उद्यापासून हा माल मी ठेवत नाही. आहे तेवढा परत पाठवतो.

शेवंताबाई: काहाले? पेरू कापाले चांगलाच हाये तो. लोकाईले त्याचंच काम पडते. ज्या कामासाठी केला नाई, त्या कामाले मी काढला. त्याच्यात तुमचं काय चुकलं?

मोतीलाल: तरी पण. आता कोणी शेतकामासाठी मागितला तर मी सांगेन त्याला. दोन हात लागतात म्हणून आधीच सांगेन.

शेवंताबाई: ते सांगा. तेवढं सांगाच.

रूपा: आठ महिना, अक्का. बाजूनी गल्लीमा ऱ्हास तू.

शेवंताबाई: रोज तुह्या घरावरूनच जाते मी.

रूपा: माले माहीत शे. दरवाजामातून दिखे तू. मान खाले घालीसन जाये. माले वाटे, हिले मना तोंडबी देखानं नही.

शेवंताबाई: मले वाटे, तुले माहं तोंड पाहाचं नाई.

मोतीलाल: ताईंचं माहेर पारोळ्याकडचं का? बोली तिकडची येतेय.

रूपा: हो. पारोळ्याच्या जवळच. इथं येऊन आठ वर्षं झाली, तरी अक्का मला तिकडची पाहुणीच म्हणते.

शेवंताबाई: भरीत तिखट करते ना तू.

मोतीलाल: चीक सुकलेला दिसतोय. बघायचं का?

रूपा: आणा. आधी भोकाचा. ...हलतच नाही. पूर्ण बसला.

शेवंताबाई: खुंटीचा पाहाय.

रूपा: कडक झालाय. ...अंगठा टेकायला जागा आहे याला, म्हणून जोर लागतो. ...उघडला. अक्का, उघडला!

शेवंताबाई: आनखी एकडाव.

रूपा: उघडला. हाच घ्या. पण भाऊ, चिकाला उपाय काय? तासाभराच्या चिकानं एवढा कडक, तर महिन्यानं काय होईल?

मोतीलाल: खोबरेल. चीक पाण्यानं निघत नाही, तेलानं सुटतो. आठ दिवसांतून एकदा बिजागरीत दोन थेंब सोडायचे, चार वेळा उघड-मीट करायची, फडक्यानं पुसायचं. बाटलीतलं डोक्याला लावायचं तेलही चालेल.

शेवंताबाई: आठ दिवस नाई. दर बाजाराच्या दिवशी. म्हंजे कोनी इसरनार नाई. अन् कड्यात दोरी ओवून द्या, कंबरेले बांधाले.

रूपा: दोरी लांब नको. हातभर लोंबली तर तीच अडकेल. वीतभर पुरे. अन् उजव्या बाजूला बांधायची, निऱ्यांच्या मागं. आपल्यातली बेबाबाई डावखुरी आहे, तिची डावीकडं.

शेवंताबाई: हे मले सुचलंच नसतं.

रूपा: चाकूनं काय होतंय पण एकट्या? त्या शाफ्टचं काय? तो उघडाच फिरतो अजून?

शेवंताबाई: नाई. तू दवाखान्यात व्हती, तव्हाच अभिमनले सांगितलं. झाकन बसवल्याबिगर माही एक बी बाई तुह्या मशीनजवळ येनार नाई. दोन हंगाम बसून राहू, पन येनार नाई. आंधी हसला. मंग मक्याच्या टायमाले बाया भेटल्या नाई, तव्हा गपचूप पत्र्याचं झाकन करून आनलं. आता पदर खोसल्याबिगर तोच कोनाले उभं करत नाई.

रूपा: मला कोणी सांगितलं नाही हे.

शेवंताबाई: तुह्याशी मशीनचं नाव काढाले भेतात सगया.

रूपा: माझ्याशी कशाचंच नाव काढत नाहीत. सासूबाई माझ्यासमोर भाजीसुद्धा चिरत नाहीत. विळी आत नेतात.

मोतीलाल: हे घ्या, अक्का. बारा मोजून घ्या. सगळे उघडून बघितलेत मी, एकही कडक नाही. दोऱ्या घरी ओवा, मी वेगळ्या दिल्यात. हे चिकाचे दोन तसेच राहू द्या माझ्याकडे. गिऱ्हाईकाला दाखवायला होतील.

शेवंताबाई: बरं. आता घरी जाऊन सगयाईले शिकवा लागीन. बेबाबाई तर मुठीकडून धराची सोडून पात्याकडूनच धरीन.

रूपा: एक दिवस बसवावं लागेल सगळ्यांना. डोळे मिटून उघडता आला पाहिजे. अन् एक हात मागं बांधून.

शेवंताबाई: मंग तूच शिकव. उद्या सावद्याकडच्या एका बागेत पॅकिंग हाये. सकायी काम चालू व्हाच्या आंधी घटकाभर ये. अभिमन तुले परत आनून सोडीन.

रूपा: परत काबर? दिवसभर काय काम शे तठे?

शेवंताबाई: नेहमीचंच. फण्या धुवाच्या, पुसाच्या, स्टिकर लावाचे, खोक्यात भराच्या.

रूपा: स्टिकर लावाले किती हात लागतस?

शेवंताबाई: एक.

रूपा: मंग?

शेवंताबाई: मंग काही नाई. गाडी सहाले निघते. मी साडेपाचले तुह्या दारात येऊन हाक मारीन.

रूपा: पाचलेच मार, अक्का. एका हातनं साडी नेसाले टाइम लागस माले.